माहेरवाशिणीची किंमत

पिंजरेवालीला पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा वाटलं होतं, किती मायेची बाई आहे ही. दुकानाच्या दारात उभी, अंगात मोठाल्या खिशांचा एप्रन, डोक्यावर एक निळा लव्हबर्ड बसलेला, आणि ही आपली मान खाली घालून राळे पाखडतेय. वाटलं, पाखरांवर जीव टाकणारी कुणी साधीभोळी असेल. आता आठवलं की पोट धरून हसायला येतं. तो लव्हबर्ड डोक्यावर होता, कारण त्याला हाकलण्याइतकंही ती त्याला मोजत नव्हती. आणि साधीभोळी म्हणाल, तर या बाईनं आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक, दुकान चालवलं. दुसरी, त्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तुच्छ मानलं. दुसऱ्या कामात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"पक्षी फार आवडतात वाटतं तुम्हाला?" एखादं नवखं गिऱ्हाईक लाडात येऊन विचारायचं.

"समोरच्या दातवाल्याला विचारलंत कधी, दात फार आवडतात वाटतं म्हणून?" ही मान वर न करता म्हणायची.

दुकान सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं. नवरा भला माणूस होता, म्हणजे धंद्यात ढ. पाखराचे पैसे घ्यायचा आणि वर दाणे फुकट द्यायचा. तो गेला तेव्हा हिच्या वाट्याला आलं ते खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, वरच्या खोलीत एक थोरली नणंद, आणि दुकानभर किलबिलाट. नणंदेनं लग्न केलं नव्हतं, पण रडायला तिला कारणही लागत नसे. पक्षी विकला गेला की रडायची, नाही विकला गेला तरी रडायची. पिंजरेवाली तिला म्हणायची, "वन्सं, पाण्याच्या वाट्या भरायच्याच आहेत, तर त्यांच्यावर वाकून रडा."

विकायची तिची पद्धत सांगितली तर कुणाला खरी वाटायची नाही. दुकानाच्या मधोमध तीन पायांचं एक लाकडी स्टूल. गिऱ्हाईकानं पक्षी पसंत केला की ही त्या पिंजऱ्याच्या वाटीत ताजे दाणे घालायची, स्टूल त्याच्यासमोर ओढायची आणि म्हणायची, "बसा." अनोळखी माणूस जवळ आलं की पाखरू खायचं थांबतं. अंग चोरतं, मान ताठ करतं आणि एका डोळ्यानं बघत राहतं. माणूस शांत असला तर जरा वेळानं त्याला भूक आठवते आणि ते पुन्हा वाटीत चोच घालतं. एवढं झालं की विक्री पक्की. तोवर बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, तोंडानं चुकचुक करायची नाही, आणि पिंजऱ्यात बोट तर अजिबात घालायचं नाही.

दहातले आठ जण रिकाम्या हातानं उठायचे. काही तर बसायच्या आधीच बाद.

"आम्हाला पडद्याला मॅच होईल असा हवाय."

"मग आणखी एक पडदाच घ्या. तो हगत नाही."

एक बाई मुलाच्या वाढदिवसासाठी आली होती. मुलगा सहा वर्षांचा. पिंजरेवालीनं हिशेब घातला, की हा पक्षी बारा वर्षं जगतो, म्हणजे मुलगा अठराचा होईपर्यंत. "पिंजरा रोज कोण धुणार?"

"आता ते मी कशाला धुवू?"

"बरं झालं, उत्तर तुम्हीच दिलंत," म्हणून हिनं दार उघडून धरलं.

अशा बाईचं दुकान चाललं कसं, असं कुणीही विचारेल. चाललं ते पिंजऱ्यांवर, दाण्यांवर, झोपाळ्यांवर. ज्यांना तिनं पक्षी दिला, ते वर्षानुवर्षं दाण्यांसाठी तिच्याकडेच यायचे आणि येताना टोमणे खायची तयारी ठेवून यायचे.

आता माहेरवाशिणीकडे येऊ. गल्ल्याच्या वर, छताच्या हुकाला एक मोठा पिंजरा टांगलेला होता. त्यात राखाडी पोपटीण. शेपूट लाल, एका पायाचं नख अर्धं, आणि नजर अशी, की उधार मागायला आलेल्या नातेवाइकाकडे आपण बघतो तशी. शब्द म्हणून एक बोलायची नाही. तिला एकच आवाज यायचा, दुकानाचं शटर वर जातानाचा. तो गंजलेला, दातांतून कळ नेणारा करकराट ती हुबेहूब काढायची. लोक दचकून मागे बघायचे. शटर जागच्या जागी असायचं.

याच आवाजापायी ती चार वेळा विकली गेली आणि चार वेळा परत आली. पहिलं घर मोठं, बागेचं. बारा दिवस टिकली. दुसरं नुकतं लग्न झालेल्या जोडप्याचं. तिथं भांडण झालं, तर दोघांनी मिळून हिलाच आणून सोडलं, आणि तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली. तिसरे एक प्राध्यापक, ते म्हणाले, वाचनात व्यत्यय येतो. चौथ्यांदा तर पिंजरा दारात ठेवून घंटी वाजवून पळाले. पोपटीण तिथंच बसून शटर उघडत होती. नणंद रडली. पिंजरेवालीनं पिंजरा उचलला, हुकाला लावला आणि म्हणाली, "पुरे झाली सासरं. ही आता माहेरीच राहील." तेव्हापासून ती माहेरवाशीण.

आधी तिनं पिंजऱ्यावर पाटी लावली, विकायची नाही म्हणून. चूक झाली. लोकांना नाही म्हटलं की त्यांना चेव येतो. "तसं कसं, काहीतरी किंमत सांगा की." "बोलून तर बघा." "आमच्याकडे सुखात राहील." तीन महिन्यांत तिचं डोकं उठलं. मग तिनं पाटी काढली आणि एका पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर किंमत लिहिली. त्या आकड्यात एक वापरलेली मोटार आली असती आणि वर पेट्रोल. चिठ्ठी दोरीनं पिंजऱ्याच्या वरच्या कडीला बांधली. लोक आकडा वाचायचे, ओठ दुमडायचे आणि गप बसायचे. जे काम नकारानं होत नव्हतं ते आकड्यानं झालं. या हुशारीवर पिंजरेवाली फार खूश होती. तीच हुशारी पुढे तिच्या गळ्याशी आली.

फक्त एक माणूस त्या आकड्याला बधला नाही. समोरचा दातवाला. नऊ वर्षांपूर्वी त्यानं दवाखाना नवा केला आणि पेशंट ताटकळत बसतात तिथं त्याला काहीतरी जिवंत हवं होतं. तो पाकिटात पूर्ण रक्कम घेऊन आला. पिंजरेवालीनं स्टुलाकडे बोट केलं. तो बसला आणि बसल्या बसल्या बोलायला लागला. दवाखान्याचं, फरशीचं, फरशीच्या भावाचं. माहेरवाशिणीनं त्याच्याकडे पाठ केली. मग त्याचा फोन वाजला आणि तो तिथंच बसून कुणाला तरी सांगू लागला, की हो, दाढ काढावीच लागेल.

"उठा," पिंजरेवाली म्हणाली.

"अहो, पण पैसे आणलेत. पूर्ण आहेत. मोजून घ्या."

"पैसे चांगले दिसतायत. तुमच्यापेक्षा गप्प आहेत."

दातवाला असा तापला, की त्यानं थेट पालिकेत तक्रार केली. किंमत लावूनही दुकानदार माल विकत नाही म्हणून. पालिकेनं हिला खरमरीत नोटीस पाठवली. हिनं ती उभ्या उभ्या वाचली आणि पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये अंथरली. पालिकेचा कागद जाड असतो, ओल चांगली धरतो. पालिकेचं तेवढंच एक काम तिला मान्य होतं. दातवाल्यानं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं, आणि नऊ वर्षं तिला त्याची एकदाही आठवण आली नाही.

मग यंदा नवा कायदा आला. दुकानातून पाळीव पक्षी विकायला बंदी. पिंजरे विका, दाणे विका, पक्षी नाही. ज्याला पक्षी हवा त्यानं आश्रयगृहातून दत्तक घ्यायचा, फुकट. दुकानदारांना सहा महिन्यांची मुदत. मुदतीनंतर दुकानात विक्रीचा पक्षी दिसला तर तो आश्रयगृहात जमा.

नणंदेला वाटलं, वहिनी आता आकाशपाताळ एक करणार. वहिनीनं अकरा पानं शांतपणे वाचली. पक्षी खोक्यात कोंबून आणतात, लोक न समजता घेतात, कंटाळले की टाकून देतात, सगळं त्यात लिहिलेलं.

"हेच मी तीस वर्षं तोंडानं सांगतेय, फुकट," ती म्हणाली. "त्याला यांनी अकरा पानं लावली."

"म्हणजे कायदा बरोबर आहे?"

"बरोबर आहे म्हणून तर राग येतोय. साठ पाखरं एका खोक्यात घालून आणायचा तो ठोकवाला, त्याला आठ वर्षांपूर्वी मी दारातून परत पाठवला. तेव्हा पालिका कुठं होती? तो कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या काचा लावलेल्या पक्ष्यांच्या दुकानात माल टाकायचा आणि पालिकेतले लोक तिथून नातवंडांसाठी जोड्या घेऊन जायचे. आता त्याच काचेवर त्या काचवाल्यानं पोस्टर लावलंय, आम्ही पक्ष्यांवर प्रेम करतो. बाई गं, याचं प्रेम नको, त्यापेक्षा मांजर बरी."

तेव्हा दुकानात तेवीस पक्षी होते, माहेरवाशीण सोडून. लोकांना वाटलं, मुदत जवळ आली की बाई नरमेल. उलट झालं. स्टूल पुसून जागेवर ठेवलं होतं आणि आता ती आणखी वेळ बसवायला लागली.

"वहिनी, जरा सैल सोड गं," नणंद म्हणायची. "उरले तर ते घेऊन जातील."

"ते घेऊन जाणार आणि फॉर्म भरेल त्याला देणार. फॉर्म काय, कुणीही भरतो. कोपऱ्यावरचा काचवालासुद्धा भरेल."

पाचवा महिना संपेपर्यंत एकवीस गेले. एक जोडी उरली होती, ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका निवृत्त माणसाला मिळाली. तो स्टुलावर बसला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. पाखरांनी त्याच्यासमोर वाटी रिकामी केली. नणंद म्हणाली, हे काही खरं बसणं नव्हे. पिंजरेवाली म्हणाली, "वन्सं, माणूस झोपलेला असतो तेव्हाच काय तो बरा असतो," आणि तिनं जोडी त्याला बांधून दिली.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एकच पक्षी होता. तो विकायचा नव्हताच, त्यामुळे पिंजरेवाली निवांत होती. तिनं रिकामे पिंजरे धुऊन उन्हात लावले होते. तेवढ्यात दोघं आत आले. एक पालिकेचा तपासनीस, तरुण, बारीक, कोरे बूट, काखेत फाईल. आणि त्याच्याबरोबर आश्रयगृहाची बाई. तिच्या हातात जाळीची एक पेटी होती.

आश्रयवालीनं वर बघितलं आणि तिचा आवाज एकदम साखरेत बुडाला. "अगं माझी सोनुली ती. एकटीच राहिलीस होय गं तू?"

माहेरवाशिणीनं शटर उघडलं. आश्रयवाली दचकून दाराकडे वळली.

तपासनीस मात्र वळला नाही. तो पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचत होता. त्यानं आकडा दोनदा वाचला, शून्यं बोटानं हवेत मोजली आणि फाईल उघडली.

"हा विक्रीचा पक्षी आहे."

"नाही. ही घरची आहे."

"किंमत लावलीय."

"कुणी घेऊ नये म्हणून लावलीय."

"बाई, किंमत विकण्यासाठी लावतात."

"तुमच्याकडे लावत असतील."

तो चिडला नाही. तिथंच तिला पहिल्यांदा जरा धास्ती वाटली. चिडणाऱ्या माणसाला ती बोटावर नाचवायची, पण हा नियमाचं पान उघडून त्यावर बोट ठेवून उभा होता. "घरचा पाळीव पक्षी असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण दुकानात आहे, वर किमतीची चिठ्ठी आहे. विकायचा नाही हे दाखवायला काहीतरी हवं. कागद हवा, नाहीतर साक्षीदार."

"साक्षीदार या आहेत. माझ्या नणंदबाई."

नणंदेनं रडायला सुरुवात केली होतीच.

"घरचे चालत नाहीत," तपासनीस म्हणाला. "बाहेरचं माणूस हवं. नाहीतर पक्षी आजच जमा करावा लागेल."

"काळजी नका करू," आश्रयवाली म्हणाली. "आमच्याकडून तिला छान घर मिळेल. फॉर्म भरला की तीन दिवसांत."

"आणि फॉर्म भरणाऱ्याला बसवता कुठं?"

"बसवायचं कशाला? सगळं ऑनलाइन आहे."

पिंजरेवालीनं स्टूल पायानं पुढे सरकवलं. "तुम्ही बसा. ती तुमच्यासमोर खायला लागली तर आत्ता पेटीत घाला, मी अडवणार नाही."

आश्रयवाली हसत बसली. चार श्वास गप्प राहिली असेल. मग म्हणाली, "कशी गं बघतेस माझ्याकडे, हं? कशी बघतेस?" माहेरवाशिणीनं सावकाश पाठ फिरवली आणि शेपटीखालचं सगळं मत त्यांच्या दिशेनं खाली टाकलं. थोडक्यात हुकलं.

पण त्यानं तपासनिसाचं काही अडत नव्हतं. तो घड्याळ बघत होता. पेटीचं दार उघडून ठेवलेलं होतं. पिंजरेवालीची नजर त्या पेटीवरून हलेना. चार घरं झाली होती बिचारीची. पाचवं आता, या वयात, तीन दिवसांत, कुणाचं ते माहीत नाही. आणि सहावं कोणतं, सातवं कोणतं. लोकांच्या मूर्खपणाला तीस वर्षं नावं ठेवणाऱ्या बाईसमोर तिच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी लोंबत होती. तोंडाला कोरड पडली तिच्या. हे तिनं नंतर कबूल केलं नाही, पण पाणी प्यायला ती दोनदा आत गेली हे नणंदेनं बघितलं.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा नणंद तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. "वहिनी, ती नोटीस. दातवाल्याची. त्यात लिहिलं होतं ना, तू विकत नाहीस म्हणून?"

"ट्रेमध्ये घातली. नऊ वर्षांपूर्वी."

"मग त्याला जाऊन विचार की. त्याच्याकडे त्याची प्रत असेल. तो कागद टाकणाऱ्यातला नाही. एकदा हात जोड आणि..."

"त्याच्यापुढे हात जोडण्यापेक्षा मी दोन चांगल्या दाढा काढून घेईन. आणि हात जोडले तरी तो देणार नाही. नऊ वर्षं वाट बघतोय तो याची." ती भांडं हातात धरून जरा उभी राहिली. मग तिच्या ओठांची एक कड वर गेली. नणंदेला ते हसू ठाऊक होतं, ती म्हणूनच घाबरली. "मदत मागितली तर नाहीच करणार तो," पिंजरेवाली म्हणाली. "पण त्याला खोटं पाडलं तर धावत येईल."

बाहेर येऊन तिनं तपासनिसाकडे पंधरा मिनिटं मागितली, एप्रन तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडला.

दातवाल्याच्या दवाखान्यात तीन पेशंट गाल धरून बसले होते. कोपऱ्यात, जिथं माहेरवाशीण असायला हवी होती, तिथं प्लास्टिकचा एक पोपट प्लास्टिकच्या फांदीवर बसवलेला होता. त्याच्यावर धूळ होती. पिंजरेवालीनं त्याच्याकडे बघून घेतलं, मग आतल्या दारावर टकटक केली. दातवाला मास्क खाली ओढून बाहेर आला आणि तिला बघून जागच्या जागी ताठरला.

"डॉक्टर, एक कानावर घालायचं होतं," ती म्हणाली, तिन्ही पेशंटना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मागे मी तुम्हाला पक्षी विकायला तयार होते आणि ऐन वेळी तुमचे पैसे कमी पडले, आठवतं? पालिकेचे साहेब आलेत दुकानात. त्यांना मी तसं लिहून देतेय. म्हटलं, उगाच तुम्हाला दुसरीकडून कळायला नको."

तिन्ही पेशंटनी गाल सोडले आणि डॉक्टरकडे बघितलं.

"पैसे कमी पडले?" दातवाला म्हणाला. "माझे?"

"असं होतं हो. माणूस उत्साहात पाकीट घेऊन निघतो, मोजायचं राहतं."

"बाई, पूर्ण रक्कम होती. तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही मला स्टुलावरून उठवलंत."

"तुम्हाला तसं आठवत असेल," ती समजूतदारपणे म्हणाली, "या वयात होतं तसं," आणि वळून चालू लागली. चालली ती सावकाश. अर्ध्या रस्त्यात तिला मागे कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि दुकानाच्या पायरीवर ती पाय ठेवते न ठेवते तोच दातवाला तिला ओलांडून आत घुसला. एका हातात रबरी मोजा, दुसऱ्या हातात फाईल.

"साहेब, ही बाई धडधडीत खोटं बोलतेय," तो म्हणाला. "हिनं मला पक्षी विकलेला नाही. विकायला तयारही नव्हती. मी छापील, म्हणजे या चिठ्ठीवरची पूर्ण किंमत देत होतो. ही पाहा तक्रार. हा तुमच्याच ऑफिसचा शिक्का."

तपासनिसानं कागद घेतला. आपल्या ऑफिसचा शिक्का बघून तो आपोआप सरळ उभा राहिला. मग त्यानं मोठ्यानं वाचलं. "'दर्शनी किंमत पूर्ण देऊ केली असताही दुकानदार बाईंनी सदर राखाडी पोपट विकण्यास ठाम नकार दिला. कारण विचारले असता, माझ्यापेक्षा माझे पैसे जास्त गप्प आहेत, असे उद्गार काढले.'" त्याखालचा ऑफिसचा शेराही त्यानं वाचला. "'सबब, विक्रीस ठेवलेला पक्षी न विकल्याबद्दल दुकानदारास समज देण्यात येत आहे.'"

"म्हणजे न विकल्याबद्दल समज तुम्हीच दिलीत," पिंजरेवाली म्हणाली, "आणि विकल्याबद्दल जप्ती करायलाही तुम्हीच आलात. आधी तुमचं आपापसात ठरवा, मी थांबते."

तपासनिसानं दातवाल्याकडे वळून विचारलं, "म्हणजे तुमच्या माहितीप्रमाणे हा पक्षी विकायचा नाही?"

"कधीच नव्हता. शपथेवर सांगतो. कुबेर आला तरी ही बाई तो विकणार नाही."

"बाहेरचा साक्षीदार," तपासनीस लिहिता लिहिता पुटपुटला. "कागदपत्रासह."

तेव्हा कुठं दातवाल्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यानं आश्रयवालीची उघडी पेटी बघितली, नणंदेचे डोळे बघितले, आणि मग पिंजरेवालीकडे बघितलं. ती वर माहेरवाशिणीच्या वाटीत सूर्यफुलाच्या बिया घालत होती.

"मी आत्ता हिला मदत केली का?" त्यानं विचारलं.

"फार उपकार झाले हो, डॉक्टर," नणंद हुंदका देत म्हणाली.

"उपकार कसले," पिंजरेवाली म्हणाली. "रागावले होते ते." आणि दातवाला दाराशी पोचला तेव्हा तिनं मागून जोडलं, "त्या प्लास्टिकच्या पोपटाला जरा पुसत जा. त्याला तरी नीट सांभाळा."

आश्रयवालीनं पेटीचं दार लावलं. तपासनिसानं रकान्यात 'घरगुती पाळीव' लिहिलं, सही केली, पिंजरेवालीची सही घेतली. भांडायला म्हणून आता काही उरलं नव्हतं. पण तो नियमाचा माणूस.

"ती चिठ्ठी काढा," तो म्हणाला. "घरच्या पक्ष्याला किंमत नको."

"मी बांधली होती. काढायची तुम्हाला आहे, तुम्ही काढा."

"मी कसं काढू?"

"स्टूल आहे ना."

त्यानं आश्रयवालीकडे बघितलं, ती रस्त्याकडे बघत होती. मग तो फाईल गल्ल्यावर ठेवून कोऱ्या बुटांसकट स्टुलावर चढला. तीन पायांचं स्टूल, जरा डुगडुगलं. माहेरवाशिणीनं त्याच्या कानाशी शटर उघडलं. तो डुगडुगला, पण बोलला नाही. गाठ जुनी, घट्ट झालेली. तो श्वास रोखून, नखांनी, न बोलता ती सोडवत राहिला. पिंजरेवाली खालून बघत होती. माहेरवाशीण जरा वेळ मान ताठ करून बसली, मग वाकली, वाटीतली एक बी उचलली आणि सोलून खाल्ली. मग दुसरी. सरकारी माणूस स्टुलावर पास झाला होता. पिंजरेवालीनं त्याला ते सांगितलं नाही. असल्यांना सांगितलं की डोक्यावर बसतात.

कडीवरची गाठ सुटली, पुठ्ठ्यामागची तशीच राहिली. तो खाली उतरला आणि चिठ्ठी दोरीसकट फाईलमध्ये ठेवू लागला.

"दोरी," पिंजरेवाली म्हणाली.

"काय?"

"दोरी माझी आहे."

"बाई, ती पुराव्याला बांधलेली आहे."

"किंमत पुठ्ठ्यावर लिहिलीय, दोरीवर नाही. तुमच्या अकरा पानांत दोरीबद्दल काही असेल तर दाखवा. मी वाचलीत सगळी, वाचून मगच ट्रेमध्ये घातली."

त्यानं नियम उघडला. खरंच उघडला, आणि दोन पानं चाळली. नणंद म्हणाली, "जाऊ दे ना गं वहिनी, एवढीशी तर आहे." वहिनीनं हात पुढे केलेला होता, तो खाली घेतला नाही. तपासनिसानं पानं मिटली, पुठ्ठ्याच्या भोकातून दोरी गाठीसकट ओढून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"गाठ पण सोडवून द्या," ती म्हणाली. "मी आणली तेव्हा दोरीला गाठ नव्हती."

त्यानं गाठ सोडवली.